सात घरांची मंडळी

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका पाड्यावर सात वारली घरांनी छप्पन्न साली येशूचं नाव घेतलं. त्यांतलं एक घर चैत्या आणि तुळशीचं. तुळशी सुईण होती. पाड्यावरची निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मलेली, म्हणून घराने देव बदलला तरी बायका तिला बोलवायच्या.

दर रविवारी डहाणूहून देवजी मास्तर येत आणि चैत्याच्या ओटीवर प्रार्थना घेत. एकदा त्यांनी पहिल्यावहिल्या ख्रिस्ती मंडळीची गोष्ट सांगितली. रोजच्या अन्नवाटपात विधवांना डावलतात अशी कुरकुर झाली, तेव्हा त्या लोकांनी आपल्यातलीच सात विश्वासू माणसं त्या कामाला निवडली.

"माझी बदली झालीय," मास्तर शेवटी म्हणाले. "आता महिन्याकाठी एकदा येईन. तुम्हीही मंडळी सांभाळायला तुमच्यातला एक वडील नेमा."

सगळ्यांनी चैत्याचं नाव घेतलं. तो लाजून हसला. तुळशीने मात्र विचारलं, "मास्तर, त्या सातांतल्या पहिल्याचं पुढं काय झालं?"

मास्तरांनी बायबल मिटलं. "येशूच्या नावापायी त्याला दगडांनी मारलं, बाई."

तुळशीच्या मनात ते बसलं ते बसलंच. चैत्या शेतावरून यायला उशीर करी, तेव्हा ती हातातलं काम टाकून वाटेकडे बघत राही.

भादव्यात भात पोटरीला आलं. विहिरीवर ती गेली की बोलणी थांबू लागली. एका सकाळी तिचा धाकटा भाऊ सुक्या आला, पण ओटीवर चढला नाही.

"तुळशे, दाजीला समजाव. गावदेवाच्या वर्गणीला तुमची घरं नाहीत. भगत म्हणतो, धान्याची देवी कणसरी रुसलीय. पीक गेलं तर गाव कोणाला धरेल?"

"तू कोणाला धरशील?" तिने विचारलं. सुक्या वळून निघून गेला.

आठ दिवसांनी सात घरांबाहेरून मंडळीत आलेली ठकी म्हातारी वारली. तिला एकटीला सोडून बाकी घर जुन्याच देवांचं होतं, पण माती मंडळीच्या लोकांनी द्यावी असं तिने सांगून ठेवलं होतं. गावाने मसणात जागा नाकारली. चैत्याने आपल्याच शेताच्या कडेला खड्डा खणायला घेतला.

दुपार उतरत होती. बांधावर एकेक करत वीसेक माणसं येऊन उभी राहिली. सुक्या पुढे होता.

"भाताजवळ मढं पुरू नको, दाजी. कणसरी शेतातून उठून जाईल." तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता.

"गावानं जागा दिली असती तर इथं आलो असतो का?" चैत्या म्हणाला आणि परत वाकला.

पहिला दगड कोणी मारला ते तुळशीला दिसलं नाही. तो फार मोठाही नव्हता. चैत्याच्या कानामागे बसला आणि तो खड्ड्यात कोसळला. दुसरा दगड कोणी उचललाच नाही. सुक्यानेच उडी टाकून त्याला वर काढलं. दिवस मावळायच्या आत चैत्या गेला.

फौजदाराने पाड्याला विचारलं. पाडा म्हणाला, खणताना पाय घसरला. मग त्याने तुळशीला विचारलं. समोरच्या तोंडांतली कितीतरी जन्मताच तिने पहिल्यांदा पुसली होती. "कोणी मारला ते मी पाहिलं नाही," ती म्हणाली. ते खरं होतं.

चैत्या आणि ठकी शेजारी शेजारी पुरले गेले. कापणीला कणसं पोची निघाली. सात घरांतली चार घरं जुन्या देवांकडे परत फिरली.

मास्तर आले तेव्हा ओटीवर नऊ माणसं होती. नवा वडील कोण, असं त्यांनी विचारलं. पुरुषांनी माना खाली घातल्या.

"मी बघते," तुळशी म्हणाली.

"बाईमाणसाला वडील कसं म्हणायचं?" मास्तर म्हणाले.

"काही म्हणू नका. रविवारी दार उघडं असलं म्हणजे झालं."

पुढच्या रविवारी तिने ओटी सारवली आणि दार उघडलं. समोरच्या बांधावर माणसं येऊन बसली होती. त्यांत सुक्याही होता. ओटीवर कोण कोण चढतंय, ते सगळे बघत होते. तुळशीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि प्रार्थना सुरू केली.