कोयनानगरची वजावट

माणूस गेला तरी त्याचं विवरणपत्र भरावं लागतं, हे मला नवरा गेल्यावर कळलं. सांगलीत त्याचा फोटो स्टुडिओ होता. गेल्या वर्षाची कमाई त्याची. सही मात्र कायदेशीर वारस म्हणून माझी. बिलांची आणि खर्चाच्या वह्यांची पिशवी घेऊन मी करसल्लागारांकडे गेले. ते नवऱ्याच्या गावचे, त्याच्याच वर्गातले. कुपवाडच्या कारखानदारांचे हिशेब बघतात आणि बोलतात अजून गावाकडचंच.

"धंद्यासाठी केलेला खर्च कमाईतनं वजा हुतो, वहिनी. घरचा न्हाई. एवढंच शास्त्र हाय."

कॅमेऱ्याची दुरुस्ती, वीजबिल, अल्बमची छपाई वजा झाली. पासपोर्ट फोटोसाठी निम्म्या सांगलीनं अंगात घातलेल्या काळ्या कोटाची धुलाईसुद्धा. मग त्यांनी नवऱ्याची वही उघडून वाचलं, "कोयनानगर, लोकेशन पाहणी. पेट्रोल. जेवण, स्वतः. जेवण, सहायक." चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ह्यो सहायक कोण वं? स्टुडिओत तर त्यो एकटाच असायचा."

"मी."

ते मोठ्यानं हसले. मग समोर कोण बसलंय ते आठवून पाणी प्यायले.

मी जुन्या वह्या चाळल्या. दरवर्षी तीच ओळ, तोच सहायक. मला घाटाची वळणं सोसत नाहीत, तरी मी जायचे, कारण आमची वर्षातली तेवढीच सहल. तिथं तो मला हनुवटीखाली पांढरा कागद धरून उभं करायचा, उजेडाचा रंग जुळवायला. पुढच्या महिन्यात त्याच जागी लग्न ठरलेलं एखादं जोडपं फोटोसाठी उभं राहायचं. मी ते माझं कौतुक समजत होते. त्यानं फसवलं असं म्हणवत नाही. जेवण त्यानं खरोखरच दिलं होतं.

"गेल्या वर्षी फोटो किती काढलं तितं?"

एकही नाही. धुकं एवढं होतं, की धरणसुद्धा दिसत नव्हतं. काम होणार नाही हे पोचताक्षणी कळलं होतं, तरी तो परत फिरला नाही. तीन तास आम्ही टपरीच्या बाकावर बसून कणसं खाल्ली. धंद्यातल्या पहिल्याच लग्नाच्या कामात कॅमेऱ्यात रोल घालायला विसरून दिवसभर नुसताच फ्लॅश कसा उडवला, ते त्यानं तेव्हा सांगितलं, आणि सांगताना हसून हसून त्याला खोकला आला. तो खोकला पुढं थांबलाच नाही.

"फोटो नसंनात," ते म्हणाले. "धुक्यानं काम झालं न्हाई, खर्च तर झाला. बसतंय नियमात."

"नको. तो घरचा खर्च होता."

"आवं, त्यानं सोताच्या हातानं लिवलंय!"

"चुकीचं लिहिलंय."

हयातीत त्याच्या वहीला मी कधी हात लावला नव्हता; चूक काढायला तो जायची वाट बघितली.

"लोकं पोरीच्या साखरपुड्याचं बिल धंद्यात घाला म्हणत्यात, आन् तुमी खरं बिल काढाय लावताय. कर वाढंल, वहिनी."

"किती?"

त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. एखाद्या जाडसर कादंबरीची किंमत होती.

"भरते," मी म्हटलं.

त्यांनी ती ओळ खोडली आणि पुढं 'वैयक्तिक' असं लिहिलं. मला मग हाव सुटली. मागच्या वर्षांचंही असंच काढता येईल का, विचारलं.

"न्हाई वो, त्याची मुदत गेली. ते आता कामाचंच ऱ्हाणार."

म्हणजे सरकारदरबारी, बावीस वर्षांच्या संसारात आम्ही फिरायला एकदाच गेलो.