टाकीचा उमेदवार

माझा धाकटा भाऊ निवडणुकीला उभा राहिला तेव्हा अख्खी गल्ली हसली, आणि खरं सांगते, सगळ्यात आधी मीच हसले. ज्याला भाजीवालीशी घासाघीस करता येत नाही, तो मतं काय मागणार?

शिष्यवृत्तीवर विमानांचं शिक्षण घेऊन त्याने पुढची सव्वीस वर्षं काय केलं, तर विमानांचे पंख मोडले. एका भल्यामोठ्या शेडमध्ये नवाकोरा पंख सांगाड्यात अडकवायचा, यंत्राने महिनोन्महिने वर-खाली वाकवायचा आणि पहिली भेग कधी पडते ते बघायचं. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारायची, शेजारी तारीख लिहायची. "चांगल्या वस्तू मोडायचा पगार घेतो हा," बाबा म्हणायचे, आणि पाहुणे आले की तेच छाती फुगवून सांगायचे. गल्लीत त्याचं नाव 'विमान' पडलं. स्वतः तो बसच्या पहिल्या पायरीवरही दांडा हलवून बघतो, मग चढतो.

मी शाळेत शिकवते. आमच्या मैदानाला लागून चार लोखंडी पायांवर पाण्याची टाकी उभी आहे. नोकरी सोडून तो घरी परतला, आणि एकदा मला घ्यायला आला तो टाकीच्या पायाशी उकिडवा बसूनच राहिला. दोन पायांच्या वेल्डिंगला भेगा गेल्या होत्या.

"ताई, ही रोज भरते, रोज रिकामी होते. लोखंडही दमतं गं."

त्याने तिथेही रेघ मारली, तारीख घातली. चार महिन्यांनी भेग रेघेच्या बोटभर पुढे गेलेली होती.

पाणी खात्याला त्याने पाच अर्ज केले. पाचही वेळा उत्तर एकच, नोंद घेतली आहे. शेवटी तिथल्या कारकुनाला त्याची दया आली. "साहेब, टाकी रिकामी करायची म्हणजे तीन महिने निम्म्या वस्तीचे नळ कोरडे. नगरसेवकाने ठराव आणल्याशिवाय कोणी हात लावणार नाही." नगरसेवक स्वतः नळजोडणीचा ठेकेदार. तो गोड हसला, चहा पाजला आणि वाटेला लावलं. म्हणून माझा भाऊ उभा राहिला. टाकी रिकामी व्हावी, एवढंच त्याला हवं होतं.

लोकांना तो आवडायचा. पाच मिनिटं मागायचा आणि पाऊण तास भेगांची चित्रं दाखवायचा, तरी कोणी हाकललं नाही. शेवटच्या सभेला तर मैदान भरलं. मला वाटलं, जिंकतोय की काय हा! तेवढ्यात कोपऱ्यावरचे शिंपीकाका उठले.

"विमान, एका शब्दात सांग. या वर्षात टाकी पडणार की नाही?"

पडणार, म्हणायचं आणि खाली बसायचं! दुसरा कोणीही तेच म्हणाला असता. याने खिशातून वही काढली, चष्मा चढवला.

"शंभरात दोन," तो म्हणाला.

मग शिंपीकाकांनीच मांडीवर थाप मारली. "म्हणजे अठ्ठ्याण्णव मार्क! माझा नातू पस्तीसला पेढे मागतो!"

मैदान खदखदून हसलं. हसण्यात सुटकाच जास्त होती, कारण नळ कोरडे पडायला कोणाला हवे होते? हा माइक धरून सांगत राहिला, की असा आकडा निघालेलं विमान मी जमिनीवरून हलू दिलं नसतं, शंभरात दोन ही फार भयंकर गोष्ट आहे. लोक खुर्च्या आवरत होते.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचं पत्रक घरोघर पोचलं. 'विरोधी उमेदवार स्वतः सांगतात, टाकी अठ्ठ्याण्णव टक्के सुरक्षित!' मी त्याच्यावर इतकी ओरडले की आवाज बसला.

"पडणार म्हणाला असतास तर जीभ झडली असती?"

"खोटं झालं असतं ना ते, ताई."

"आणि पोरं?"

तो वही उघडून तोच आकडा पुन्हा तपासू लागला. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच्याइतकं खरं माणूस मी दुसरं पाहिलं नाही हेही तेव्हाच कळलं. या दोन्हींचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

भावाला दोनशे बारा मतं पडली. ठेकेदाराने निवडून आल्यावर पंधरवड्यातच टाकीला फिकट निळा रंग दिला. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं बघायला गेलो. रंगारी ब्रश धूत होता.

"या पायाला भेग होती," भाऊ म्हणाला.

"होती की. लांबीचा लगदा भरला, वर रंगाचे दोन हात मारले. आता शोधून दाखवा!" त्याला आपल्या कामाचा अभिमान होता, आणि काम खरंच सुबक होतं.

भाऊ त्या गुळगुळीत लोखंडावरून बोटं फिरवत राहिला. वर टाकीत पाणी चढत असल्याचा आवाज येत होता. माझ्या वर्गाच्या खिडक्या तिथून वीस पावलांवर. मी त्याला विचारलं, "उद्या कडाड् आवाज आला, तर माझ्या चाळीस पोरांना कुठल्या बाजूला पळवू? तेवढं तरी सांग."

त्याने चारही पायांकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"भेगा वाढताना दिसत होत्या तोवर सांगता आलं असतं गं."