तक्रार नाही, तरी हप्ता वाढला

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे आता धूसर झाले. पण एका मोटारीच्या विम्याचं प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. खरं सांगायचं तर ते मला आजही पुरतं उमगलेलं नाही. नावं कुणाचीच देत नाही, कारण ही माणसं कोल्हापुरातच आहेत आणि बाजारात भेटतात.

निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली होती. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत बसलो होतो. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी आवाज चढला. सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ हातातला कागद टेबलावर आपटत होते. "माज्या नावावर कुणीतरी अपघात चढवलाय. शोधून काढा त्याला!"

मी त्यांना आत बोलावलं. मूळचे नेसरीकडचे, सगळी नोकरी एसटीत चालक म्हणून झालेली. निवृत्तीनंतर मुलाकडे कोल्हापुरात राहायला आले आणि फंडातून एक लहानशी गाडी घेतली.

"साहेब, चंदगडच्या पावसात धा फुटावरचं दिसत न्हाय, तितं गाडी हाणलीया. एक ओरखडा न्हाय. आनि ह्यो कागद बघा. इम्याचा हप्ता वाढलाय. गुन्हा केल्याबगर दंड हुतोय व्हय?"

"अपघात झाला होता का?"

"झालता की, गेल्या साली. सिग्नलला हुबा हुतो, मागनं दुधाच्या टँकरनं ठोकलं. डिकी आत गेली. ते तवाच ठाण्यात मिटलं. पन मी हुबा हुतो साहेब! हुबा असल्यावर माझी काय चूक?"

ठाण्यात मिटलं, हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. असं रोज काही ना काही मिटत असतं.

वाढलेला हप्ता हे त्यांचं खरं दुखणं नव्हतं, ते चहा पिताना बाहेर आलं. मुलानं तो कागद वाचला आणि म्हणाला, कंपनी उगाच पैसे वाढवत नाही, चूक तुमचीच असणार, आता वय झालं. त्यानं गाडीची किल्ली काढून घेतली होती. "तीस वर्सं लोकं पोराबाळांसकट माज्या भरवशावर झोपली गाडीत," ते म्हणाले, "आनि पोरगा म्हनतोय, तुमास्नी दिसत न्हाय." त्यांचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

हप्ता वाढणं कुठल्या कलमात बसतं? कुठल्याच नाही. ग्राहक मंचाचा रस्ता दाखवून मी त्यांना वाटेला लावणार होतो. पण त्याच आठवड्यात खबर आली. आर.टी.ओ.जवळचा एक चहावाला माझा जुना खबऱ्या होता. त्यानं सांगितलं, "उद्यमनगरातला एक ग्यारेजवाला इम्याच्या कोऱ्या फॉर्मवर गिऱ्हाइकांच्या सह्या घेतोय. कुनाच्या नावावर काय बी चढवत आसंल." चौकशी केली, तर या चालकांची डिकी त्याच गॅरेजात दुरुस्त झालेली. झालं, माझं पोलिसी डोकं धावायला लागलं. बनावट दाव्यांची टोळीच हाती लागणार, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

गॅरेजवाल्याला कागदपत्रांसह बोलावलं. चौकशीची माझी एक पद्धत होती. समोरच्याला चहा द्यायचा आणि पंधरा मिनिटं काही विचारायचं नाही. ज्याच्या मनात खोट असते, तो आपणच बोलायला लागतो. या पठ्ठ्यानं चहा संपवला आणि आणखी एक मागितला.

"कोरी सही घेतो साहेब, सगळीच घेत्यात," तो बेधडक म्हणाला. "गिऱ्हाईक धा हेलपाटं घालंल व्हय? पन लिवतो ते खरंच. वाचा की."

वाचलं. 'गाडी सिग्नलला उभी असताना मागून टँकरची धडक.' शब्दन् शब्द खरा. गॅरेजवाल्याचं आणि चहावाल्याचं गॅरेजपुढं हातगाडी लावण्यावरून पूर्वी वाजलं होतं, ते नंतर कळलं. माझी टोळी दोन चहांतच विरघळली.

मग हप्ता वाढलाच कसा? विमा एजंटाला बोलावलं. चालकही समोर बसले होते.

"हप्ता वाढला नाही साहेब, सूट गेली," एजंट शांतपणे म्हणाला. "इतकी वर्षं काकांनी भरपाई मागितली नाही, म्हणून निम्म्यापर्यंत सूट मिळत होती. या वेळी डिकीचा खर्च त्यांनी स्वतःच्या विम्यातून घेतला. घेतला की सूट संपली."

"चूक टँकरची असताना?"

"यात कंपनी चूक बघतच नाही. ही सूट गाडी नीट चालवल्याबद्दल नसते, पैसे न मागितल्याबद्दल असते."

मी त्याला हे तीनदा सांगायला लावलं. मला फिर्यादी कळतो, आरोपी कळतो, साक्षीदार कळतो. ज्यानं काही केलं नाही आणि तरी ज्याला भरावं लागतं, अशा माणसासाठी माझ्या कुठल्याच रजिस्टरात रकाना नव्हता.

"मग टँकरच्या विम्यातून का नाही घेतले पैसे?"

"त्याला न्यायाधिकरणात जावं लागतं. टँकरची चूक सिद्ध करावी लागते, पंचनामा, जबाब असे पोलिसांचे कागद लागतात. इथं पोलिसांचा कागद एवढा एकच आहे."

त्यानं फायलीतून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढं ठेवली. दोनच ओळी होत्या. 'आमचा आपसांत समझोता झाला आहे. आमची एकमेकांविरुद्ध काही तक्रार नाही.' खाली दोन्ही चालकांच्या सह्या, त्याखाली आमच्या ठाण्याचा शिक्का, आणि शिक्क्यावर माझी सही.

मी चालकांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "तुमच्याच म्होरं मिटलं की," ते म्हणाले. "तुमी म्हनाला, पावनं, मानूस धडधाकट हाय, डिकीचं काय घिऊन बसलाय, मिटवा. टँकरचा डायवर रडत हुता, नोकरी जाईल म्हनून. डायवरचं दुखनं डायवरलाच कळतंय. केली सही."

मला त्यांचा चेहरा आठवेना. सही माझी होती, यात मात्र शंका नव्हती. आमच्या ठाण्यात ही पद्धतच होती. दोघांना समोर उभं करायचं, थोडं दरडावायचं, थोडं गोंजारायचं आणि दोन ओळींवर सह्या घ्यायच्या. लोक दुवा देत घरी जायचे. पंचनाम्याची कटकट वाचायची, हेही खरंच. माझ्या हातून इतकी भांडणं मिटली म्हणून मी लोकांत मिरवतही असे.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मुलगा शिरोलीच्या कारखान्यात नोकरीला, वागायला चांगला. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. सूट म्हणजे काय हेही सांगितलं, आणि सांगताना मध्येच माझाच गोंधळ झाला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, तुमच्यावर विश्वास आहे," तो म्हणाला. "पण बाबांची चूक नव्हती, हे कुठल्या सरकारी कागदावर आहे?"

कुठल्याच नव्हतं. फॉर्मवर होतं ते त्यांचं स्वतःचं म्हणणं. आमच्या कागदावर ज्यानं ठोकलं आणि ज्याला ठोकलं, ते दोघे एकाच ओळीत उभे होते. मी वही मागून घेतली आणि लिहिलं: 'गाडी उभी होती. टँकरनं मागून धडक दिली. या चालकांची काहीही चूक नव्हती.' खाली हुद्द्यासह सही केली. या कागदाला विमा कंपनीत किंमत नाही, गेलेली सूट यानं परत येणार नाही, हेही मी सांगून टाकलं.

मुलानं तो वाचला, आत गेला आणि किल्ली आणून वडिलांच्या हातात दिली. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी समझोत्याच्या प्रत्येक कागदावर कुणी कुणाला धडक दिली, हे लिहायला लावलं. ती ओळ वाचली की पुष्कळ जण सही करायला नकार द्यायचे आणि मिटत आलेलं भांडण पुन्हा पेटायचं. वरिष्ठांनी दोनदा विचारलं, तुमच्याकडं गुन्हे का वाढलेत? मी बरोबर केलं की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण शांतता राखली म्हणून मी ज्याचं श्रेय घेत होतो, त्याचा भुर्दंड निर्दोष माणूस भरत होता, एवढं मात्र कळलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरून निघालो तेव्हा चालक मला दारापर्यंत सोडायला आले. कागद त्यांच्या हातातच होता. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला आणि अगदी सरळपणे विचारलं, "साहेब, येवढंच त्या दिवशी लिवायला काय झालतं तुमास्नी?"

मी चपला घातल्या आणि जिना उतरलो.