दारावरचा कडुलिंब

हे सांगायचे मी आजवर टाळले. नातवंडांनी देवीच्या साथीबद्दल विचारले की सिनेमाच्या गाडीच्या गमती सांगून विषय मिटवायचो. गमती खऱ्या होत्या, पण त्यांच्या आड मी लपलो होतो.

पासष्टचे युद्ध संपले होते आणि एकाहत्तरचे व्हायचे होते. त्या मधल्या वर्षांत मी संग्रामपूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात आरोग्यप्रचारक होतो. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि मागे साथीच्या रोग्यांसाठी पत्र्याची शेड. गावात पडदा बांधून मी सिनेमा दाखवायचो आणि सांगायचो, ही माता नाही, रोग आहे, टोचून घ्या. लोक सिनेमा आवडीने बघत आणि टोचणारे आले की शेतात पळत.

घरात देवी निघाली की बाया दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधत. तो पाहून कुणी आत जात नसे. मी दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांना सुचवले, घरोघर विचारत कशाला बसायचे? लिंब दिसला की आत शिरायचे, घरच्यांना टोचायचे. साहेबांनी पाठ थोपटली.

पहिल्याच घराचे दार सोबतच्या पोलीस शिपायाने लाथेने उघडले. म्हातारा सासरा आडवा आला, त्याच्या पाठीत काठी बसली. तो पडला तरी काठी थांबली नाही. आत खाटेवर फोडांनी भरलेली मुलगी होती आणि तिच्यापुढे तिची आई. सिनेमाच्या रात्री हिनेच मला पाणी दिले होते.

"भाऊ, दाराले लिंब दिसत नाही काय तुले?" ती म्हणाली. "माय आली घरात. पोरीले नेईन ना ती."

टोचणारा पुढे झाला तशी ती त्याच्या मनगटाला चावली. शिपायाने तिच्या केसांना धरून तिला जमिनीवर आपटले. दंड मोकळा हवा म्हणून मी तिचा हात मागे पिरगळला. तिने झटका दिला, मी आणखी जोर लावला. कोपराशी कडकन आवाज झाला. तशा त्या लोंबत्या हातावर टोचून आम्ही बाहेर पडलो. गल्लीत दगड सुरू झाले होते. टोचणाऱ्याचे डोके फुटले आणि त्याचे रक्त माझ्या सदऱ्यावर उडाले. दवाखान्यात सगळे मला शूर म्हणाले.

पुढच्या फेरीला गावात एकाही दाराला लिंब नव्हता. साहेबांना वाटले, साथ हटली. मलाही तेच वाटून घ्यायचे होते.

बहिणीचा हात मोडल्याचे कळून त्या बाईचा भाऊ आपल्या लहान मुलाला घेऊन भेटायला आला. दाराला लिंब असता तर तो गल्लीच्या तोंडाशीच थांबून परतला असता. सासूने भीतीने तो काढून टाकला होता. बाई तापात पडून होती, आणि आमच्या कानावर जाईल म्हणून आतल्या खोलीत झाकून ठेवलेल्या पोरीच्या आजाराचे घरात कुणी नाव काढले नाही. पोरगी जगली. भाच्याला मात्र देवी निघाल्या आणि तो आमच्या शेडमध्येच दगावला. बापाने कपाळ पत्र्यावर आपटून फोडून घेतले.

"लिंब पाहून आम्ही दुरूनच परतत होतो," तो मला म्हणाला. "तुम्ही तो काढायले लावला."

मी त्याला सरकारी कापूस दिला. बदली मागून घेतली.

गेल्या साली एसटीने त्या गावी गेलो. ती ओट्यावर बसून डाव्या हाताने तूर निवडत होती. उजवा हात मांडीवर वाकडा पडलेला. तिने सुनेला चहा ठेवायला सांगितला.

"कोण गावचे तुम्ही? दवाखान्यातले होते काय?"

मी नाही म्हणालो. रस्ता चुकलो, म्हणालो. चहा प्यालो आणि निघालो.

बसमध्ये घोकलेले वाक्य तसेच राहिले आहे: बाई, तुमचा हात मी मोडला, तुमच्या दाराचा लिंब माझ्यामुळे उतरला, तुमचा भाचा माझ्यामुळे गेला, मला माफ करा.