माझे मोदक आणि अंकल बेनचा प्रश्न

माझे मोदक काकूंनी उचलले आणि मागच्या काउंटरवर टोस्टरच्या शेजारी नेऊन ठेवले. वरून पेपर टॉवेल टाकला. मेलेल्या माणसाचं तोंड झाकतात तसा.

एकवीस होते. उकडीचे. सगळ्या कळ्या मी पाडलेल्या. आमच्या घरी उकडीचे मोदक कुणी करत नाही, मी होस्टेलला रूममेटकडून शिकले होते, बोटं भाजून भाजून. पाच मिनिटांपूर्वी ह्याच काकू सगळ्या बायकांना बोलावून दाखवत होत्या. "बघा गं, पोरीच्या कळ्या बघा! आपल्याला जमतील का?"

मधल्या पाच मिनिटांत काय झालं ते सांगते.

न्यू जर्सीत पार्सिपनीला काकूंचं घर. नात्यातल्या नाहीत, मराठी मंडळातल्या. खाली बेसमेंटमध्ये मंडळाचा गणपती बसणार होता. मी ब्रुकलिनहून सबवे, मग बस, असं करत सकाळी सकाळी पोचले होते. मोदक वाफवायला ठेवले. खाली कुणीतरी आरतीची प्रॅक्टिस करत होतं आणि माझी बोटं आपोआप काउंटरवर चालायला लागली. काका किचनमध्ये आले ते खूशच झाले. "अरे वा! काय ठेका आहे! कुठे शिकलीस?"

मी बोलून गेले यार. पटकन. "माझे वडील हलगी वाजवतात. लग्नात, जत्रेत."

काकूंनी स्टीमर बंद केला.

मग काकू, एकदम गोड आवाजात. "आडनाव काय म्हणालीस तू?"

सांगितलं. आणि पेपर टॉवेल पडला.

त्यांची सोळा वर्षांची नेहा फ्रिजपाशी उभी होती. "मॉम, व्हॉट्स राँग विथ दीज?"

"काही नाही गं. हे नंतर खायला होतील. नैवेद्याला मी पटकन दुसरे करते. तू खाली जा."

काका बिचारे वातावरण हलकं करायला गेले. "अगं मग विसर्जनाला वाजव ना तू! पुढच्या शनिवारी, शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये. दरवर्षी आम्ही कॅसेट लावतो. ह्या वेळी एकदम ऑथेंटिक होईल!"

म्हणजे मोदक चालत नाहीत. हलगी चालते. बाहेर. पार्किंग लॉटमध्ये.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हो काका, वाजवते की." हसलेसुद्धा! हे मला अजून जाळतं. काकूंचं नाही एवढं, माझं स्वतःचं हसणं. पण माझा रेझ्युमे काकांच्या ब्रीफकेसमध्ये होता. ते मॅनेजर. मे महिन्यात माझं मास्टर्स संपणार, त्यानंतर कुणीतरी व्हिसा स्पॉन्सर केला नाही तर बॅग भरून परत. काका म्हणाले होते, "कंपनीत मी बोलतो, तू टेन्शन घेऊ नकोस." म्हणून हसले.

हलगी होती माझ्याकडे. निघताना बापाने गोधडीत गुंडाळून दिलेली. "ऱ्हाऊ दे संगं," एवढंच म्हणाला. वर्षभर ती माझ्या पलंगाखाली होती. बाहेर काढलीच नाही. कुणाला सांगितलंच नाही.

आता टँटी व्हर्ना. ब्रुकलिनमध्ये मी जिच्या घरात खोली घेऊन राहत होते ती. टँटी म्हणजे मावशी, सगळी गल्ली तिला तेच म्हणायची. कॅरिबियनमध्ये ग्रेनाडाजवळ कारियाकू नावाचं एवढुसं बेट आहे, तिथली. हॉस्पिटलात पेशंटची सेवा करायची नोकरी. त्या वर्षी तिच्या आईच्या थडग्यावर तिकडे दगड उभा केला होता. त्यांच्यात हे फार मोठं असतं. माणूस जातो तेव्हा नाही, दगड उभा राहतो तेव्हा खरा निरोप. म्हणून इकडे तिच्या बॅकयार्डमध्ये बिग ड्रम होता. ढोल, नाच, जेवण. मोदकांच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी.

सकाळपासून अंगणात चुलीवर मोठमोठी पातेली. बकरा, भात. टँटीने माझ्या हातात लाकडी दांडा दिला. मक्याचं पीठ घोटायला. घोटलं. मग तिने एक चांगलं चिनी मातीचं ताट काढलं. पहिलं ताट मेलेल्यांचं. आई, आजी, पणजी. ते आतल्या खोलीत पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवायचं, आणि त्यांचं होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. टँटी माझ्या पातेल्यातून वाढायला लागली.

माझ्या तोंडून निघालंच. "टँटी, नको. माझ्यातलं नको."

"का? थुंकलीस त्यात?"

"नाही, पण..."

"मग काय! माझी आई उपाशी बसलीय आणि तुझं पण चाललंय!"

आणि वाढलं. माझ्या हातचं. पहिल्या ताटात. मी चुलीच्या धुराच्या नावाखाली डोळे पुसले. राग येत होता, टँटीचा नाही. आदल्या दिवशीचा.

दुपारी लोक गोल करून उभे राहिले. तीन ढोल. कातडं बकऱ्याचं. पूर्वी म्हणे रमच्या रिकाम्या पिंपांचे करायचे. मधला ढोल अंकल बेनचा. बस डेपोत मेकॅनिक, हात एवढे मोठे. टँटीने मधल्या जागेत थोडी रम शिंपडली, थोडं पाणी शिंपडलं. मग अंकल बेन माझ्याकडे वळला आणि विचारलं, "व्हॉट नेशन यू इज?"

तोच प्रश्न! इथेपण!

"इंडियन," मी म्हणाले.

"ते पासपोर्टवर असतं. मी नेशन विचारतोय. तुझे लोक. आतले."

टँटी म्हणाली, "अरे पोरीला समजावून सांग की. डोळे काय वटारतोस?"

मग त्याने सांगितलं. त्याच्या लोकांना आफ्रिकेतून गुलाम करून बोटीत भरून आणलं तेव्हा मालकांनी नावं काढून घेतली. भाषा काढून घेतल्या. ठेके राहिले, एकेका नेशनचा एकेक. क्रोमांतीचा वेगळा, इबोचा वेगळा, मँडिंगचा वेगळा. आजी नातवाला सांगून मरायची, हा आपला. आपला ठेका लागला की आधी आपण आत उतरायचं. बाकीच्यांनी थांबायचं. "नेशन सांगितलं नाहीस तर मी तुझ्यासाठी वाजवू काय?"

म्हणजे हा माणूस मला बाहेर काढायला विचारत नव्हता. आत घ्यायला विचारत होता! मला कुणी कधी असं विचारलंच नव्हतं. कधीच नाही.

सांगितलं मग. मोठ्याने. मातंग. आम्ही हलगी वाजवतो. गावाबाहेर राहतो.

"ढोल आहे?"

धावत गेले. पलंगाखालून काढली. चुलीपाशी बसून कातडं ताठ व्हावं म्हणून शेकायला लागले, आणि अंकल बेन पण आपला ढोल घेऊन त्याच चुलीशी बसला. त्याने माझ्या हलगीवर टिचकी मारून ऐकलं. "अजून थोडी," म्हणाला. अगदी माझ्या बापासारखं!

आणि मी वाजवली. हाताला टिपरू, वाजवायची काडी, लागली तसं सगळं आठवलं. कडाडली नुसती! शेजारच्या खिडक्या उघडल्या.

पण कुणी नाचेना.

चाळीसेक माणसं गोल करून उभी, पाय हलतायत, खांदे हलतायत, पण आत एकजण येईना. मधली जागा रिकामी. मला वाटलं, आवडलं नसेल. थांबले. "काय झालं?"

टँटी म्हणाली, "तुझ्या लोकांचा ठेका आहे. तुझ्यातलं कुणी आधी उतरल्याशिवाय आम्ही कसे उतरणार? कोण नाचतं तुमच्यात ह्याच्यावर?"

कोण नाचतं.

माझा बाप वाजवायचा आणि नवऱ्यामुलाकडचे नाचायचे. पाटलाची पोरं नाचायची. बाप पुढे चालायचा, घामाने निथळत, आणि जेवण शेवटी, मांडवाच्या बाहेर. आमचं कुणी नाचलेलं मी बघितलंच नाही! स्वतःच्या हलगीवर! मी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. हलगी माझ्याच हातात, मी उतरले तर वाजवणार कोण?

पुढच्या शनिवारी पार्सिपनीला गेले. मुद्दाम. हलगी खांद्यावर. पार्किंग लॉटमध्ये सगळे जमलेले, साड्या, झब्बे, गणपतीसाठी पाण्याचा टब. काका लांबूनच ओरडले. "आली गं आली! चल, हो सुरू!"

मी काकूंकडे गेले. "काकू, आजच्या नैवेद्याचं काही करू का?"

"नको गं, सगळं झालंय." डोळे दुसरीकडे.

"मग हलगी पण नाही."

"अगं असं काय करतेस," काका म्हणाले. आवाज खाली आला. "लोक बघतायत. आणि तुझं ते काम मी मंडेला बोलणारच आहे."

"काका, माझ्या हातचा मोदक चालला असता तर मी दिवसभर वाजवली असती."

"यू आर टेकिंग इट टू पर्सनली."

"पर्सनलीच आहे. माझा हात आहे तो."

कुणीतरी कॅसेट लावली. नेहा तेवढी बसस्टॉपपर्यंत माझ्याबरोबर चालत आली.

आठ दिवसांनी रेझ्युमे परत आला पोस्टाने. आत चिठ्ठी नाही. मंडळाचे फोन बंद. मे महिना येतोय आणि माझ्याकडे स्पॉन्सर नाही. घाबरलेय का? हो, घाबरलेय. अठ्ठावीस अर्ज टाईप केलेत, प्रत्येकावर आडनाव पूर्ण.

बापाला पत्र टाकलंय. ह्या लग्नसराईत वाजवायची सुपारी घेऊ नकोस म्हणून. त्याचं उत्तर आलं, खायचं काय? त्याचं बरोबर आहे. मी ट्यूशन घेतेय, पाठवीन, पण त्याला बाहेरच्या पंगतीला बसू देणार नाही.

आणि दर रविवारी अंकल बेनला आमचा ठेका शिकवतेय. चुकतो, शिव्या घालतो, परत वाजवतो. पुढच्या बिग ड्रमला हलगी त्याच्या हातात असणार आणि मी मध्ये उतरणार. पहिली.

काकांना ऑथेंटिक बघायचं असेल तर त्यांनी यावं ब्रुकलिनला. बाहेर उभं राहावं लागेल. माझं नाचून होईपर्यंत.