यंत्रांची स्थळं बघणारे अण्णा

आमच्या निपाणीच्या घरात पाहुणा आला की आधी शिंकायचा, मग बोलायचा. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिच्या साडीत, केसांत, पिठाच्या डब्यावर, माझ्या पुस्तकांत, सगळीकडे ती बारीक तपकिरी धूळ असायची. आम्हाला तिची सवय झाली होती, आईच्या छातीला मात्र कधी झाली नाही. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई खोकत वखारीत जायची, खोकत परत यायची, आणि मी अभ्यासाला बसले की तोंडात पदर धरून खोकला दाबायची. त्या घरातून बेळगावला जाऊन मी बीसीए झाले. आमच्यात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, आणि हे मी मान वर करून सांगते.

पदवीनंतर जी पहिली नोकरी लागली तिथं मला परशराम अण्णा भेटले. गेल्या महिन्यात एका सकाळी त्यांच्या बायकोचा, आमच्या वहिनींचा, फोन आला. "सुजाता, अण्णा गेले गं... झोपेतच." मी त्यांच्या गावी, बेळगुंदीला पोचले तेव्हा दारात गर्दी होती, रडणं चाललं होतं. पण थोड्या वेळानं कुणीतरी अण्णांचा एक किस्सा काढला, मग दुसऱ्यानं दुसरा, आणि वहिनीच डोळे पुसत हसायला लागल्या. "त्यास्नी रडकी तोंडं बघवायची न्हाईत," म्हणाल्या. तेव्हा मीही इथं रडगाणं लिहिणार नाही.

आमची कंपनी बेळगावातली, लहान. गावोगावच्या दूध संस्थांसाठी ॲप बनवते. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागलं, बिल किती झालं, हे शेतकऱ्याला मोबाईलवर दिसतं आणि संस्थेच्या सेक्रेटरीला कॉम्प्युटरवर. ते लोकांच्या हातात जायच्या आधी वापरून, छळून त्यातल्या चुका शोधणं म्हणजे टेस्टिंग, आणि त्या विभागाचे अण्णा प्रमुख. सकाळी बेळगुंदीत रताळ्याच्या शेतात एक चक्कर, मग स्कूटरवरून ऑफिस. मुलाखतीला मी इंग्रजीतून सगळी उत्तरं पाठ करून गेले होते. अण्णांनी एकही प्रश्न विचारला नाही. हातात फोन दिला आणि म्हणाले, "हे मोडून दाखव." मी घाबरत घाबरत दुधाचा आकडा भरला आणि बटण पटकन दोनदा दाबलं. नोंद दोनदा झाली. अण्णा खुर्चीतून उठलेच. "बघा रं बघा! म्हशीनं एका सकाळी दोनदा दूध दिलं!" शेजारच्या खोलीतले प्रोग्रामर ओशाळले, मला नोकरी लागली.

वर्षभरात मी आईला वखारीतून काढलं. पगार काही फार नव्हता, पण दोघींना पुरत होता, आणि आईचा खोकला कमी झाला होता. आम्ही चार मुली दिवसभर ॲपची एकेक स्क्रीन हातानं तपासायचो. सगळं सुरळीत चाललं असताना आमचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणतो, बेंगळुरूला कुठल्याशा बैठकीला गेले आणि परत येऊन त्यांनी जाहीर केलं, की आता टेस्टिंग यंत्रच करणार. सॉफ्टवेअरच सॉफ्टवेअरला तपासतं. बटणं दाबतं, आकडे भरतं, चुकलं तर लाल, बरोबर असलं तर हिरवं दाखवतं. "चार पोरींचं काम एक टूल करतंय," साहेब म्हणाले. अण्णांनी बाजारातली तीन टूल्स तपासून त्यातलं एक सुचवायचं होतं. मला दिसत होती ती आई... पुन्हा वखारीच्या दारात उभी.

अण्णांनी मला बोलावलं. "सुजे, तीन स्थळं आलीत. तू बघायची."

"अण्णा, माझी नोकरी घालवणारं यंत्र मीच निवडायचं होय?"

"व्हय! दुसऱ्यानं निवडलं तर तू भाईर. तू निवडलीस तर चालवायला तूच लागणार. मग तुला कोण काढतंय?"

"मला कोडिंग येत नाही."

"मला तरी लगीन करायच्या आदी संसार कुठं येत होता?"

मग सुरू झाला आमचा बघण्याचा कार्यक्रम. अण्णांनी तिघांना जावई केलं. थोरला जावई फुकटातला, कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर भरवशाचा, पण गप्प. प्रत्येक गोष्ट कोड लिहूनच त्याला सांगायची. मधलाही फुकटातलाच, पण त्याचा प्रांत मोबाईल. अँड्रॉइडही चालवायचा, आयफोनही, पण तयार व्हायलाच त्याला निम्मा दिवस. फोनची केबल हलली की रुसून बसायचा. धाकटा विकतचा, रुबाबदार. त्याला कोड नको. आपण एकदा करून दाखवायचं, तो बघून ठेवायचा आणि तसंच्या तसं करायचा. वेब काय, मोबाईल काय, दोन्हीकडे एकाच ऐटीत. मी उघडच धाकट्याच्या प्रेमात पडले. अण्णा म्हणाले, "बघायच्या दिवशी सगळीच इस्त्री करून येतात. तिघांस्नी एकच काम लाव आणि मग सांग." काम ठरलं. लॉगिन करायचं, सकाळचं दूध भरायचं, बिल बघायचं. थोरल्या-मधल्यासाठी मी कोड शिकायला बसले. पहिल्या आठवड्यात मी इतकी चुकले, की अण्णा जाता-येता विचारायचे, "जावई बोलला का गं?" आणि ज्या दुपारी थोरल्यानं माझ्या कोडवर आपणहून ब्राउझर उघडून दूध भरलं, त्या दुपारी अण्णांनी साऱ्या ऑफिसला खव्याचा गोड कुंदा वाटला.

शेवटी तिघंही हिरवे झाले. मी धावतच सांगायला गेले. अण्णांनी नुसता फोन हातात घेतला. "बेस झालं. पर आमच्या गावात इंग्रजीत दूध कोण घालतंय?"

आमचं ॲप मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांतलं, कारण संस्था तशा गावांतल्या. आणि मी सारी परीक्षा इंग्रजीत घेतली होती! भाषा कन्नड केली आणि तिघंही आडवे. धाकटा शोधत होता 'सेव्ह' ही अक्षरं, ती आता होतीच कुठं? थोरल्या-मधल्यालाही मी बटणं वरच्या अक्षरांवरूनच ओळखायला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी धाकट्याचा विक्रेता आला, गोड माणूस. "मराठीसाठी वेगळं रेकॉर्ड करा, कन्नडसाठी वेगळं," म्हणाला. म्हणजे एक बटण हललं, की तीन ठिकाणी दुरुस्ती. तो पुढं बोलतच होता, तेव्हा अण्णा कन्नडमध्ये म्हणाले, "स्वल्प निल्री सर, जरा थांबा, चहा घ्या. मुलगी विचार करून कळवते."

उपाय मला सापडला तो सोपा होता. प्रत्येक बटणाला आतून एक कायमची खूण द्यायची. वरचं नाव कुठल्याही लिपीत असो, खूण तीच. पण ती द्यायची प्रोग्रामरनी, आणि टेस्टिंगच्या मुलीचं ते ऐकणार का? अण्णांना म्हटलं, तुम्ही चला. "मी कशाला? म्हशीचं दूध दोनदा तूच काढलंस न्हवं? जा." गेले. आधी हसले ते लोक. मी तिथंच बसून कन्नडमध्ये लाल झालेलं सगळं त्यांना दाखवलं, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी पहिल्या स्क्रीनला खुणा देऊनही टाकल्या. बाकीच्या स्क्रीनही झाल्यावर थोरला आणि मधला तिन्ही भाषांत चालले, धाकटा मात्र अक्षरांवरच अडून राहिला.

साहेबांसमोर दाखवायच्या दिवशी सगळं हिरवंगार. साहेब खूश. मग ज्याची मला भीती होती तो प्रश्न आलाच. "मग आता मला किती मुली लागतील?" अण्णा खिडकीबाहेर बघत बसले, जणू त्यांचा संबंधच नाही. मी फोन साहेबांच्या हातात दिला. "सर, कन्नडमधलं हे बटण वाचा." साहेबांनी डोळे बारीक केले. शब्द लांब, बटण आखूड. निम्मी अक्षरं कापली गेली होती. "यंत्रानं हे बटण दाबलं आणि हिरवं दाखवलं," मी म्हणाले. "ते शेतकऱ्याला वाचता येतंय का, हे आम्हीच बघायचं. रोजरोज तेच ते तपासणं यंत्राला देऊ. आम्ही नवीन चुका शोधू." साहेब अण्णांकडे वळले, "ही तुम्ही शिकवलेली?" अण्णा म्हणाले, "न्हाय सर. आम्हीबी पैल्यांदाच ऐकतोय." आणि इतक्या मोठ्यांदा हसले, की साहेबांनाही हसावं लागलं. वेबसाठी थोरला, मोबाईलसाठी मधला ठरले. विकतच्या धाकट्याचे पैसे वाचले, त्यात अण्णांनी गावातले जुने-पुराणे फोन जमवले. कुणाची काच फुटलेली, कुणाची बॅटरी फुगलेली. "हीच आपली गिऱ्हाइकं," म्हणायचे.

पुढं एकदा अण्णा निपाणीला घरी आले. आईनं विचारलं, "आमची पोरगी तिथं नेमकं काय करती वो?" अण्णा म्हणाले, "आक्का, यंत्राला शिकवती." आई म्हणाली, "म्हंजे मास्तरीणच की!" त्या दिवसापासून गल्लीत मी मास्तरीण झाले, ते आजतागायत.

ॲपची नवीन आवृत्ती बाहेर पडायच्या दिवशी अण्णा फोन घेऊन ऑफिसच्या अंगणात भर उन्हात उभे राहायचे. बोटं पाण्यात बुडवायची, धारा काढून उठलेल्या माणसासारखी, आणि त्या ओल्या बोटांनी दूध भरून बघायचं. परवा आमच्यातल्या नव्या मुलीनं कुणी न सांगता तेच केलं. आम्ही बाकीच्या दारात उभ्या राहून बघत होतो...

दूध भरलं गेलं. नोंद एकदाच झाली, तिन्ही भाषांत नीट वाचता आली. यंत्र आलं तेव्हा आमच्या विभागातून एकाही मुलीला घरी जावं लागलं नाही. आज आम्ही सातजणी आहोत आणि अण्णांच्या जागेवर मी काम बघते.