आत्याच्या किडनीचा खरा आकडा

माझ्या सासऱ्यांना नागपूरला तीन सख्ख्या बहिणी. चौथी त्यांनी अमेरिकेत, मॉरिसव्हिलला जोडली, आणि तिच्यापायी आमच्या घरात जो गोंधळ झाला तो आठवला की मला अजून एकटीला हसू येतं.

2005 मधली गोष्ट. सासरे दिवाळीला म्हणून आमच्याकडे आले होते. सासूबाई गुडघ्यांमुळे आल्या नाहीत. आम्ही दोघं नवरा-बायको ऑफिसात, मुलगी शाळेत, त्यामुळे सासऱ्यांचा दिवस जाता जाईना. खालच्या अपार्टमेंटमध्ये एक ब्लॅक बाई राहायच्या. आयुष्यभर शाळेची बस चालवून रिटायर झालेल्या, काडीसारख्या बारीक, आणि आवाज असा की पार्किंगमधून हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावरचं पोर दचकावं. सकाळी त्या फिरायला निघायच्या, तेव्हाच आमचे सासरे मफलर गुंडाळून निघायचे. यांचं इंग्लिश नागपुरी, त्यांचं अमेरिकेतल्या साउथचं. कोण कोणाला काय सांगायचं देव जाणे, पण तासभर गप्पा चालायच्या.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सासरे खट्टू होऊन बसले. म्हणाले, ‘‘सूनबाई, खालच्या बाईंना विचार ना, ओवाळतील का मला?’’ मी कपाळाला हात लावला, पण विचारलं. त्या चर्चची टोपी घालून आल्या. मी ताट कसं फिरवायचं ते दाखवलं, तरी त्यांनी आधी उलटंच फिरवलं, आणि अक्षता टाकायच्या त्या चांगल्या मूठभर फेकल्या. सासऱ्यांनी ओवाळणीत साडी दिली. ती त्यांनी तिथेच कोटावरून शालीसारखी घेतली. सासऱ्यांनी फर्मान काढलं, ‘‘आजपासून या तुमच्या आत्या.’’ माझी मुलगी म्हणाली, ‘‘ओके, कूल.’’ झालं, नातं पक्कं.

आत्या जेवायला बसल्या तेव्हा हे नको, ते नको करायला लागल्या. आपल्याकडे पाहुण्याने नको म्हटलं की दुप्पट वाढायचं असतं, म्हणून सासरे वाढतच राहिले. शेवटी त्यांनी सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्यात, पथ्य आहे. नवीन किडनी हवी. पण त्यासाठी आधी यादीत नाव लागावं लागतं, आणि रक्ताच्या तपासणीत किडनीच्या कामाचा आकडा वीस किंवा त्याच्या खाली आल्याशिवाय नाव घेत नाहीत. त्यांचा आकडा बावीस-तेवीसवर अडून बसलेला. यादीत नाव लागेल त्या दिवसापासून वाट बघणं मोजलं जातं, आणि ती वाट वर्षांची. ‘‘म्हणजे मी रांगेच्या बाहेर उभी राहून रांग बघते,’’ असं म्हणून त्या मोठ्याने हसल्या. सासऱ्यांच्या हातातला डाव तसाच राहिला.

दिवाळी होऊन दोन महिने झाले. मग सासरे अचानक म्हणाले, पाय सुजून राहिले, जरा दाखवून येतो. आम्हाला कुठली सुट्टी मिळायला? आत्याच त्यांना आपल्या क्लिनिकमध्ये घेऊन गेल्या. तिथे काउंटरवरच्या मुलीने विचारलं, तुम्ही यांच्या कोण? आत्या म्हणाल्या, ‘‘बहीण.’’ सासरेही छाती काढून म्हणाले, ‘‘यस, माय सिस्टर.’’ आता आमचे सासरे म्हणजे आत्यांपेक्षाही दोन छटा गडद. त्या मुलीला संशय यायचं कारणच नव्हतं. तिने पुढचं काही न विचारता कॉम्प्युटरमध्ये जे भरायचं ते भरून टाकलं.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. संध्याकाळी मी कणीक मळत होते, तर सासरे समोर येऊन उभे राहिले. ‘‘माझी किडनी एकदम चांगली आहे. एक आत्याला देऊन टाकतो.’’ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पायांची सूज हे नुसतं निमित्त होतं. मला रागही आला आणि भरूनही आलं. वडीलमाणूस परदेशात येऊन मानलेल्या बहिणीला किडनी द्यायला निघतो, आणि घरात कोणाला पत्ता नाही. मी हात धुऊन रिपोर्ट बघितला. आकड्याशेजारी चक्क ‘आफ्रिकन-अमेरिकन’ छापलं होतं. मी इतकी हसले की ओट्याला धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी दोघांना घेऊन क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी म्हटलं, हे भारतातले आहेत, नातं मानलेलं आहे. त्या हसल्या, त्यांनी कॉम्प्युटरवर वंशाच्या रकान्यातली खूण बदलली, आणि सासऱ्यांचा चांगला साठाच्या वरचा आकडा साठाच्या खाली घसरला, म्हणजे किडनी जरा कमजोरच. गुडघ्यासाठी पेनकिलर घेता का, म्हणाल्या, त्या आजपासून बंद. आणि या वयात, या ब्लडप्रेशरला, किडनी वगैरे देता येणार नाही.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, ‘‘कायले सांगितलं तू? राहू द्यायचं होतं मला तिचा भाऊ.’’

मग त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. बाप्पा, म्हणाले, रक्त तेच, किडनी तीच, आणि नातं खोडलं तर आकडा बदलला? हा काय हिशेब आहे? विचार तिला. मी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की सूत्र तसंच आहे, सगळीकडे तेच वापरतात. ब्लॅक लोकांच्या अंगात सरासरीने स्नायू जास्त असतात असं धरलंय, म्हणून आलेला आकडा पाचव्या हिश्शाहून जरा जास्तच वाढवतात.

मी हे मराठीत सांगितलं मात्र, सासऱ्यांनी आत्यांचा काटकुळा दंड धरून वर केला. ‘‘हिच्या अंगात कुठे आहेत स्नायू? माझ्या सुनेच्या अंगात जास्त आहेत.’’ हे वाक्य मी भाषांतर न करता गिळलं. पण दंड बघून डॉक्टरीणबाईंना कळायचं ते कळलं. आत्या हसल्या नाहीत. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, ‘‘मी याच्यासारखी इंडियन असते, तर माझा आकडा किती असता?’’

डॉक्टरीणबाईंनी कागदावर भागाकार केला. मग म्हणाल्या, वीसच्या आत. आणि लगेच पुढे म्हणाल्या, आपण अंदाज कशाला करायचा, मोजूनच बघू. पूर्ण चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये जमवायची, कॅन थंड ठेवायचा, त्यावरून किडनी खरंच किती काम करते ते कळतं. त्यात रंग लागत नाही.

आता आमचं नशीब बघा. तो कॅन भरायचा दिवस नेमका माझ्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा. आत्यांना म्हटलं, दुसरा दिवस घ्या. त्या म्हणाल्या, मी आता एक दिवसही थांबणार नाही आणि हळदीकुंकूही सोडणार नाही. कॅन आमच्या फ्रीजमध्ये आला. कॅनचा रंग नारिंगी. घरात बायकाच बायका, आणि प्रत्येक बाई ‘‘काही मदत करू का गं?’’ म्हणत फ्रीजकडे वळणारी. सासऱ्यांनी स्वयंपाकघरात खुर्ची नेली आणि फ्रीजच्या दाराला पाठ लावून बसले.

‘‘काका, सरका ना, दही काढायचंय.’’

‘‘दही संपलं.’’

‘‘काका, ऑरेंज ज्यूस आहे ना आत? पोरांना देते.’’

‘‘तो ज्यूस माझ्या बहिणीचा आहे,’’ म्हणाले, ‘‘कोणाला मिळणार नाही.’’ ती बाई फणकारत गेली आणि काका म्हातारपणी चिक्कू झाले असं सांगत सुटली. आत्या नव्या साडीत हॉलमध्ये बसून तिळगूळ खात होत्या. मधूनच उठून, कॅन साडीखाली झाकून, राणीच्या थाटात बाथरूमकडे जायच्या. मी आणि त्या एकमेकींकडे बघायचं टाळत होतो, नाहीतर हसून भांडं फुटलं असतं.

पुढच्या आठवड्यात निकाल आला. अठरा. आत्यांचं नाव यादीत घेतलं.

आजार पुरेसा वाढला आहे हे ऐकून आनंदाने पार्किंगमध्ये नाचणारी बाई मी तेव्हाच बघितली. सासऱ्यांनी माझ्याकडून पेढे करून घेतले आणि सगळ्या बिल्डिंगला वाटले. कोणी विचारलं काय झालं, तर म्हणायचे, ‘‘माय सिस्टर, किडनी व्हेरी बॅड. पास!’’ लोक घाबरून पेढा घ्यायचे.

पेढे वाटून झाल्यावर आत्या जिन्यात बसल्या. त्यांच्या धाकट्या भावाचं सांगितलं. त्यालाही डॉक्टर म्हणायचे, अजून वेळ आहे, अजून वेळ आहे. तो यादीत लागायच्या आधीच गेला. ‘‘त्याचा आकडा कोणी मोजलाच नाही,’’ त्या म्हणाल्या. सासऱ्यांना हे इंग्लिश मला समजावून द्यावं लागलं नाही. ते त्यांच्याशेजारी पायरीवर बसले आणि बसून राहिले. पुढच्या रविवारी दोघं चर्चमध्ये गेले. आत्यांनी तिथे उभं राहून सगळी हकिकत सांगितली, आणि प्रार्थना संपल्यावर टोप्या घातलेल्या बायकांचा घोळका सासऱ्यांभोवती जमला. ते हातवारे करून कॅन कसा थंड ठेवायचा ते शिकवत होते. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि अभिमानही वाटला.

आत्यांचा नंबर 2008 मध्ये लागला. मधलं दीड वर्ष डायलिसिसवर काढलं, पण रांगेत राहून. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी मला हॉस्पिटलमधून फोन. आवाज बारीक, पण त्यांचाच. ‘‘बेबी, नव्या किडनीने लघवी केली. भावाला सांग.’’

मी तिथल्या तिथे नागपूरला फोन लावला. तिकडे जेवणं चालली होती. म्हटलं, ‘‘बाबा, आत्यांना लघवी झाली.’’ त्यांनी फोन तसाच हातात धरून सगळ्या घराला ओरडून सांगितलं, ‘‘अरे, माझ्या बहिणीला लघवी झाली हो!’’ आणि ताटावर बसलेल्या सख्ख्या तिघी बहिणींनी टाळ्या वाजवल्या.